बादलीतला राक्षस

मी एक जुना खेकडा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझे डेंगे अजून थरथरताहेत. एखादं वाक्य वाकडं गेलं तर भीती समजा, किंवा आमची चालच तशी समजा.

माझा जन्म मळवलीच्या ओढ्यात, आईच्या पोटाखाली, शंभरएक भावंडांच्या गर्दीत झाला. मोठेपणी मी भातखाचराच्या बांधाला भोकं पाडायचं काम पत्करलं. ते इतकं मन लावून केलं, की बांध फुटला की सारं गाव माझी आठवण काढी. त्या वेळचे शब्द मुलांच्या पुस्तकात बसत नाहीत.

आषाढ संपत आला होता. वाडीतल्या कान्हूने माझ्या बिळाशी दोऱ्याला बांधलेलं गांडूळ हलवलं. मी जेवायला म्हणून बाहेर आलो आणि दुसऱ्यांच्या जेवणाला निघालो.

त्याने आम्हा सहा जणांना एका बंगल्यावर नेलं. तिथे रतनबाई बंगला राखत, स्वयंपाकही करत. तळेगावच्या शैलाताई चित्रांची परीकथा लिहायला येऊन राहिल्या होत्या. लोणावळ्याच्या बाजूला चार दिवस राहिलं की परीकथा सुचते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. धुकं होतं, धबधबा होता, कोरा कागद होता. परी तेवढी आली नव्हती.

पाच जणांचं दुपारी कालवण झालं. मला मात्र ताईंनी अडवलं.

"रतनबाई, याला ठेवा! माझ्या गोष्टीतला राक्षस सापडला."

"राक्षस? पावशेर बी भरायचा न्हाई, ताई."

"डेंगे मोडू नका हं. चित्रात लागतील."

"बरं. पन परवा आवस हाये, तवर उरका. श्रावण लागला का म्हैनाभर घरात चालायचं न्हाई. आन् आवसंचा खेकडा लय भरल्याला असतो."

माझे डेंगे दोऱ्याने बांधून मला निळ्या बादलीत सोडलं. चित्र पुरं झालं की मी संपलो, हे मला कळून चुकलं. पेन्सिल कुरकुरली की मी आठही पाय पोटाशी घेई. ताईंना सुचेनासं झालं की जिवात जीव येई. लेखकाला काही सुचू नये म्हणून अनेक वाचकांनी देव पाण्यात ठेवले असतील. मी स्वतःच पाण्यात बसून तेच मागत होतो.

पण ताईंना सुचत गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्ल्याएवढा काढला. दुसऱ्या दिवशी केशरी रंगवला. शिजल्यावर आपण कसे दिसू, ते मला आयतं बघायला मिळालं.

अवसेच्या सकाळी आत मिक्सर फिरला. खोबऱ्याचा वास आला. रतनबाई हात पुसत चित्रं बघायला आल्या.

"ह्यो राक्षस व्हय? ताई, ह्येच्याकडं बघा तरी. डोळं आत वडल्यात. भ्यालंय ते!"

तेव्हा कुठे ताईंनी कागद सोडून बादलीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जुनी चित्रं बाजूला सारून नवी काढायला बसल्या. नव्या गोष्टीत गाव राक्षसाला भितं आणि राक्षस गावाला. दुपारपर्यंत अकरा चित्रं झाली. राक्षस घरी पोचतो, ते बारावं राहिलं.

"याला घरी जाताना मी पाहिलंच नाही. कसं काढू?"

"मनानं काढा की! परीला तरी कुटं बघितलीया तुमी?"

"म्हणूनच तर परी जमली नाही, रतनबाई."

रतनबाई आत जाऊन वाटण बघून आल्या. तेवढ्या वेळात मी तीनदा मेलो. मग त्या पायरीवर बसलेल्या कान्हूला म्हणाल्या, "ने रं ह्याला. जितनं आनलास तितंच सोड. मी वाटनात अंडी सोडते."

"आपल्याला काय, मावशी," कान्हू हसला. "श्रावण सरला का पुन्यांदा काढू की."

बांधावर छत्री धरून ताई बसल्या. कान्हूने दोरा कापला. "हळू जा हं," ताई म्हणाल्या, "मला काढायचंय." कलेवर माझी तेवढी निष्ठा नाही. त्यांनी पेन्सिल टेकवायच्या आत मी बिळात होतो.

पुस्तक छापून झाल्यावर ताईंनी बांधावर येऊन ते कान्हूला वाचून दाखवलं. मी आतून ऐकलं. शेवटच्या पानावर म्हणे नुसता चिखल आणि एक भोक आहे. कान्हूने विचारलंच, "त्यो कुटं गेला?"

मित्रांनो, मी आत आहे. पावलं वाजली की डोळे अजून आत जातात. तेव्हा बांधावरून जाताना जरा हळू चाला, आणि भोक दिसलं की त्यात काडी घालून बघू नका. तुम्ही सहज घालता. आत कुणीतरी भिंतीला पाठ लावून बसलेलं असतं.