फटीतला सा

“देखिए बहनजी, सच बोलूँ? इसकी गर्दन टेढ़ी है,” पद्माकर सोवनी म्हणाले. म्हणताना त्यांनी गिटारच्या सरळसोट मानेवरून असा मायेनं हात फिरवला, की गिटारला कान असते तर ती रुसूनच बसली असती.

जनकपुरीहून लेकीसाठी गिटार बघायला आलेल्या बाई वाकून बघू लागल्या. “टेढ़ी? दिखती तो नहीं.”

“दिखती नहीं, यही तो मुसीबत है. और ये काली वाली... इसमें घुन लग सकता है.”

“लगा है क्या?”

“अभी नहीं. पर लग सकता है. आजकल किसका भरोसा है जी.”

‘घर में पूछके बताती हूँ’ असं म्हणून बाई जिना उतरल्या त्या जवळजवळ पळतच. पद्माकररावांनी दार लावलं आणि वळले, तर समोर मयुरा. त्यांची नात, दहावी नुकतीच पार केलेली, कमरेवर हात ठेवून उभी.

“आजोबा, तुम्ही गिटारी विकताय की वाचवताय?”

“खरं ते सांगितलं मी.”

“घुन? लाकडाला कीड? सिरियसली? तुम्ही ना यार, बिल्कुल... सोमवारी क्वार्टरची चावी द्यायची आहे! आज शनिवार. मी एवढी भारी अॅड टाकली, चारही गिटारींचे फोटो काढले, आणि तुम्ही लोकांना घाबरवताय!”

पद्माकररावांनी अपराधी मुलासारखं खिडकीकडे बघितलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. कूलर होता, तोही विकलेला. संध्याकाळी माणूस येऊन नेणार होता. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या पहिल्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. मंत्रालयात क्लार्क म्हणून चिकटले, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांच्या हातून देशाचं भलं झालं नाही आणि वाईटही झालं नाही. आता नोएडाला मुलाकडे, विक्रांतकडे, जायचं. दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि मयुराच्या खोलीत खिडकीशी त्यांची कॉट.

विक्रांत बिचारा फोनवर म्हणाला होता, “बाबा, एखादी गिटार ठेवा की.” पण पद्माकरराव ताठ्यात म्हणाले, “छे छे. पसारा हवाय कशाला? सगळ्या काढून टाकतो.” बोलून गेले खरे. मग काल संध्याकाळी, मयुरा शेजारच्या काकूंकडे गेली असताना, त्यांनी दिवाण उघडला आणि कपाटावरची चौथी गिटार रजयांच्या खाली चोरासारखी दडवली. स्वतःच्याच घरात! वर दिवाणावर बसूनही घेतलं थोडा वेळ, उगाच.

कॉलनीत त्यांना सगळे ‘गिटारवाले अंकल’ म्हणत. लोकांना वाटायचं, मोठे शौकीन असतील. कसले शौकीन! पद्माकररावांना पाचसहा कॉर्ड येत, तेही संथ गाण्याला. चार गिटारी त्यांनी हौसेनं जमवल्याच नव्हत्या. त्या जमा झाल्या होत्या, लतिकामुळे.

लतिका म्हणजे त्यांची बायको. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात ती रिसेप्शनवर बसायची. दिवसभर गावाकडून आलेल्या माणसांना खोल्या, चहा, बसचे नंबर सांगून घसा कोरडा करायची, आणि घरी येऊन कणीक मळता मळता गायची. क्लास नाही, गुरू नाही. कॉलनीतल्या गणपतीत तिचं एक गाणं ठरलेलं असायचं आणि दरवर्षी पेटीवाले विष्णूपंत डोक्याला हात लावायचे. “वहिनी, काळी चार धरू की पांढरी पाच? तुमचा सा पट्ट्यांच्या फटीत पडतो हो!”

“मग फट वाजवा की,” लतिका म्हणायची.

पेटीला फट वाजवता येत नाही. गिटारला येते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पद्माकररावांनी चांदणी चौकातून तपकिरी गिटार आणली. लतिका स्वयंपाकघरात गात होती, त्यांनी दाराशी बसून एकेक खुंटी पिळली, आणि तिच्या त्या फटीतल्या सा ला तारा आणून भिडवल्या. ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. “अय्या, हे तर माझंच!” एवढंच म्हणाली आणि परत गेली. पोळी करपली होती.

विक्रांत झाला आणि तिचा आवाज थोडा खाली उतरला. तारा सैल करायच्या, काम संपलं. कुणीही तेच केलं असतं. पण पद्माकररावांचा हात खुंटीवर गेला आणि तिथंच थांबला. सैल केल्या तर आधीची लतिका पुसली जाणार. त्याच सुमारास शेजारच्या कुरियन साहेबांची बदली झाली, बदलीच्या सामानात त्यांची काळी गिटार नको झाली होती. ती यांनी घेतली आणि नव्या आवाजाला लावली. पहिली तशीच राहिली. मग पुढं केव्हातरी मधाच्या रंगाची तिसरी आली. आणि लतिकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर चौथी. त्या वेळी तिचा आवाज इतका खाली गेला होता की तीच हसायची. “आता मी तुमच्या पट्टीत गाते. लोकांना वाटेल सोवनी गातायत.”

मागच्या वर्षी, होळीच्या आधी, ती गेली.

गणपतीतलं एक रेकॉर्डिंग होतं, पण त्यात ती पेटीच्या धाकानं पेटीच्या पट्टीत गायलेली. फोनमध्ये तिचे व्हॉइस मेसेज होते, तेही कोथिंबिरीचे आणि गॅसच्या नंबराचे. तिचा स्वतःचा सा उरला होता तो या चार लाकडांत. दर रविवारी पद्माकरराव त्या घेऊन बसायचे, कपड्यानं पुसायचे, कुठं तार उतरली असेल तर कानानं परत जागेवर आणायचे. वाजवायचे नाहीत. फक्त एकेकदा छेडून, ऐकून ठेवून द्यायचे.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असं त्यांना वाटे.

“आजोबा, ऐका,” मयुराचा राग जेवढ्या लवकर यायचा तेवढ्याच लवकर जायचा. “बारा वाजता एक जण येतोय, नीरज नाव आहे. नोएडाचाच आहे, आयटीत आहे आणि वीकेंडला सोसायटीतल्या मुलांना शिकवतो. त्याच्यापुढं प्लीज घुन-बिन काढू नका. आणि टेन्शन नका घेऊ, मी गिटारी एकदम रेडी करून ठेवल्यात.”

“रेडी म्हणजे?”

“सकाळी तुम्ही दूध आणायला गेला होता ना, तेव्हा चकाचक पुसल्या. आणि तिन्ही ट्यून केल्या! फुल आउट होत्या आजोबा, तिन्ही तीन दिशांना. फोनमध्ये अॅप आहे, त्यात हिरवा लाइट लागेपर्यंत सोडलंच नाही. ती चौथी काही दिसली नाही, कुठंय ती?”

पद्माकरराव तडक आतल्या खोलीत गेले.

तपकिरी गिटार भिंतीला टेकून उभी होती, पुसल्यामुळे लखलखत. त्यांनी अंगठा तारांवरून खाली नेला. स्वच्छ, भरघोस, बरोबर आवाज आला. दुकानातल्या गिटारीचा यावा तसा. त्यांनी काळी छेडली. तोच आवाज. मधाच्या रंगाची छेडली. तोच.

तीन वयांच्या तीन लतिका उठून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एकच कुणीतरी अनोळखी येऊन बसलं होतं.

पद्माकररावांचा हात आपोआप खुंटीकडे गेला. किती खाली? त्यांनी डोळे मिटले, मनात तिला गायला लावून बघितलं. पण कानात आत्ताचा हा स्वच्छ सूर घुमत होता, त्याच्यापुढे ती दबून गेली. हात खाली आला.

“मस्त ना?” दारात मयुरा उभी होती. शाबासकीची वाट बघणारा चेहरा, नाकावर धुळीचा पट्टा, बोटांची टोकं तारांनी लाल झालेली. ते दूध घेऊन येईपर्यंत खपली असणार पोरगी.

पद्माकररावांनी तिच्याकडे बघितलं. लतिकाचं नाक होतं तिला, अगदी तेच.

“छान लावल्यास गं,” ते म्हणाले. “छानच.”

नीरज आला तो घामाघूम, पण हसरा. त्यानं एकेक गिटार मांडीवर घेतली, आणि खरं सांगायचं तर सुंदर वाजवली. त्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं इतकं छान. मयुरा टाळ्या वाजवायच्या बेतात होती. पद्माकरराव वेताच्या मोड्यावर ताठ बसून राहिले.

“अंकल, बहुत सँभालके रखी हैं आपने. ट्यूनिंग भी परफेक्ट है.”

“वो इसने की है,” त्यांनी मयुराकडे बोट दाखवलं.

“कोई दिक्कत तो नहीं इनमें?”

मयुरानं आजोबांकडे बघून डोळे वटारले.

“कोई दिक्कत नहीं,” पद्माकरराव म्हणाले. “गर्दन एकदम सीधी है.”

भाव वगैरे मयुरानंच उरकला. तिन्ही घेतो म्हणाला तो, मुलांना कामाला येतील. “फोटो में चार थीं ना?” त्यानं विचारलं.

“चौथी गई,” पद्माकरराव चटकन म्हणाले. मयुराच्या भुवया वर गेल्या.

नीरज गिटारी उचलायला लागला तसे ते उठले. “रुकिए. ऐसे मत ले जाइए. मई का महीना है, गाड़ी तपी होगी. तार कसे रहेंगे तो गर्दन खिंच जाएगी.” त्यांनी खाली मांडी घातली आणि तिन्ही गिटारींच्या तारा स्वतःच्या हातानं सैल केल्या. मयुराची सकाळची मेहनत काही मिनिटांत उतरली. खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ते गॅलरीत गेले नाहीत. भिंतीवर तीन ठिकाणी रंग जरा उजळ राहिला होता, ते बघत बसले.

संध्याकाळी कूलरवाला कूलर घेऊन गेला. खिडकीच्या मोकळ्या चौकोनातून गरम वारा आत आला. मयुरा रजया बांधायला म्हणून दिवाणाची फळी उचलत होती. पद्माकरराव “अगं थांब, ते मी...” म्हणेपर्यंत फळी वर गेलेली.

“अच्छा! तर चौथी इथं गेली!” मयुरा खो खो हसत सुटली. “आजोबा! तुम्ही लपवली? रजईत? इतके क्यूट कसे हो तुम्ही!” तिनं गिटार बाहेर काढली, जमिनीवर बसून मांडीवर घेतली, फोन समोर ठेवला. “ही पण लावून देते. मग घेऊन जाऊ आपण, बाबांना मी बघते.”

“नको,” पद्माकरराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण मयुराचा हात खुंटीवरून उठला.

“फक्त वाजव. खुंटी पिळू नकोस.”

तिनं त्यांनी दाखवलेली तार छेडली. खोल, जाडसर, किंचित खरखरीत सूर रिकाम्या खोलीत उभा राहिला. अॅपमधला काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मध्येच थरथरत राहिला. लाल.

“आजोबा, हे तर काहीच नाहीये. दोन नोट्सच्या मधे आहे.”

“हो,” पद्माकरराव म्हणाले. “तिथंच गायची तुझी आजी.”

मयुरा काट्याकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या त्या तीन उजळ जागांकडे. ती हुशार होती, तिला फोडून सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा हळूहळू असा बदलत गेला, की पद्माकररावांनाच बघवेना.

“मग सकाळी मी... आजोबा, मी त्या तिन्ही...”

“छान लावल्या होत्यास. म्हणून तर चांगल्या हातात गेल्या.”

“तुम्ही ओरडला का नाहीत? तेव्हाच सांगायचं ना! आपण परत आणू. मी नीरजला फोन करते, मी...”

“आणून काय करणार? लाकूड येईल परत.” ते तिच्याशेजारी टेकले. “आणि हे बघ, तारा कधी जागेवर राहत नाहीत. दर रविवारी थोड्या उतरायच्या, मी थोड्या चढवायचो. आठवून आठवून. वर्ष झालं. आता हा सा तिचा आहे की माझ्याच मनातला, ते मला तरी कुठं कळतंय?”

मयुरानं नाक पुसलं. “एकदा वाजवा ना तुम्ही. प्लीज.”

त्यांनी गिटार घेतली. पाचसहा कॉर्डपैकी पहिला धरला, छेडला, आणि सवयीनं थांबले. इथं ते नेहमी थांबायचे. कणकेच्या परातीकडून आवाज उचलला जाईपर्यंत. स्वयंपाकघरात डबे खोक्यांत गेले होते. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं. तारा घुमत घुमत विझल्या.

पद्माकररावांनी मान हलवली, जणू गाणं झालं. मग हात वरच्या खुंटीकडे नेला.

“नका ना!” मयुरा ओरडली. “उद्या कॅबमधे मी मांडीवर घेऊन बसेन. एसी लावू. काही नाही होणार.”

“ताणलेल्या तारांनी प्रवास करू नये. दुपारी त्याला सांगितलं ना मी.”

“ते त्याला!”

“मग? आपल्याला वेगळं असतं होय?”

ते एकेक खुंटी फिरवत गेले, घाई न करता. सूर खाली खाली उतरला. ऑपरेशननंतरच्या लतिकाच्याही खाली, जिथं ती कधीच गेली नव्हती तिथं. शेवटची तार राहिली तेव्हा त्यांनी कान लाकडाला लावला, आणि तार नुसती खडखडायला लागेपर्यंत तसेच वाकून राहिले.

मग त्यांनी लतिकाची रजई उलगडली, गिटार तिच्यात ठेवली, आणि मयुराला म्हणाले, “जरा ते टोक धर. मान मोकळी राहू देऊ नये.”