वत्सला सासरी गेली का?

आमच्या झरीत तवा गल्लीत एकच टीव्ही व्हता, तो बी आप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत. आप्पा म्हणजे माझे वडील, महालिंगआप्पा. बुधवारी संध्याकाळी वत्सलाची मालिका लागली की दुकान अर्धं बंद, आन् खोलीत मुंगीला शिरायला जागा न्हाई. मी मात्र मागं, भिंतीला टेकून बसायचे. पुढं बसले की लोक टीव्ही सोडून माझ्याकडं बघायचे.

का, ते सांगते. मालिकेतली वत्सला नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आली व्हती. आन् मी भागम्मा बी राणीसावरगावहून, सासर सोडून, त्याच साली पोळ्याला माहेरी आले व्हते. मग काय, मालिका संपली की लोक वत्सलाचं नाव घेऊन माझाच निवाडा करायचे.

"वत्सलाचं चुकलंच. बाईच्या जातीनं इतकं ताठ ऱ्हाऊ न्हाई," बन्सीधर म्हणायचा. त्याचं दुकान शेजारीच, त्याला सगळ्यातलं कळायचं.

"आन् नवरा मारतोय त्याचं काय?" धुरपताबाई इचारायची. माझ्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच.

"मारतो, पण आज कसा एकटा बसून रडायला व्हता, बघितलं न्हाई का?"

रडायला व्हता म्हणं! अरे बाबा, त्या नटाला रडायचा पगार भेटतो. आमचे धनी काही कुठं रडायला बसलेले न्हाईत. पण हे बोलायची सोय न्हाई. माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं ना!

या सगळ्यात वरताण म्हणजे कडूबाई आजी. गल्लीत तीच सगळ्यात वडीलधारी. श्रावणात पोथी लागली की तिचा दंडक असायचा, वाईटावर पोथी मिटायची न्हाई. कुणी मेलं, कुणी वनवासाला निघालं, तर तिथं थांबायचं न्हाई, चांगलं येईस्तोवर पुढं वाचायचं आन् मगच आरती करायची. आता टीव्हीवाल्याला काय माहीत हा दंडक? वत्सला नेमकी रडायला लागली की तो भाग संपल्याच्या पाट्या दाखवायचा. मग आजी ओरडायची, "बसा खाली! वाईटावर उठता व्हय?" आन् पुढचं आपल्याच मनानं सांगायची. "मग नवऱ्याला पस्तावा झाला, त्यानं वत्सलाला मानानं नेलं, तिच्या मांडीवर लेक खेळला, सगळ्यांचं भलं झालं." सगळे "भलं झालं" म्हणायचे आन् जेवायला घरी जायचे. आधी आधी मला बी हसू यायचं.

शेवटच्या बुधवारी वत्सलाचा नवरा न्यायला आला. ती गाठोडं घेऊन उंबऱ्यावर उभी ऱ्हायली. तिनं पाय उचलला आन् लाइट गेली. लोकांनी लाइटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण आजी तर बसलेलीच व्हती. तिनं अंधारात नेहमीसारखं सगळ्यांचं भलं करून टाकलं.

आन् दोन दिवसांत सगळ्या झरीला माहीत झालं की वत्सला सासरी गेली! ज्यांनी अंधारात आजीचं ऐकलं, तेच म्हणायले की आमी डोळ्यांनी बघितलं. बन्सीधर तर नवऱ्यानं तिला कोणत्या रंगाची साडी आणली तेबी सांगायला लागला.  ते ऐकून आप्पांनी राणीसावरगावला सांगावा धाडला, सोमवारी या, पोरीला घेऊन जा.

"आप्पा, लाइट गेली व्हती. कुणीच काही बघितलं न्हाई," मी म्हणले.

"अख्खं गाव खोटं बोलायलंय व्हय? वत्सलाला कळलं, तुला कळंना."

त्याच आठवड्यात धुरपताबाईनं खबर आणली. मालिका लिहिणारे दिनकरराव परभणीत वाचनालयाच्या कार्यक्रमाला येणार व्हते. विद्यापीठाच्या नामांतरावरून परभणी बंद व्हती म्हणून कार्यक्रम पुढं गेला व्हता, तो आता रविवारी व्हता. मी आप्पांचे पाय धरले. "ज्यानं लिहिलं त्यालाच इचारू. वत्सला गेली म्हणला, तर मी गुमान जाते. न्हाई म्हणला, तर सोमवारी न्यायला येणाऱ्यांना मोकळ्या हातानं लावून द्यायचं."

आप्पा लिहिलेल्या शब्दाला लय मानायचे. थोडा इचार करून म्हणले, "चल. त्याचा शब्द तो शेवटचा."

सभागृहात दिनकरराव गोड बोलले. मग लोक प्रश्न इचारायला लागले. मी उठले. "साहेब, आमच्याकडं शेवटाला लाइट गेली. वत्सला सासरी गेली का न्हाई?"

ते हसले. "लाइट गेली तरी तुमचं काही हुकलं नाही, ताई. मालिका तिथंच संपते. तिनं पाय आत घेतला की बाहेर टाकला, ते मी दाखवलंच नाही. लेखकानं निकाल द्यायचा नसतो. पुढचं प्रेक्षकांनी ठरवायचं."

टाळ्या पडल्या. आप्पांनी बी वाजवल्या.

"पण तुमाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? ज्याला जे वाटेल ते त्याच्यापुरतं खरं."

असा संताप झाला माझा! इतक्या मोठ्या माणसाला एक शब्द बोलायला जड जायलाय. "साहेब, तुमची वत्सला ऱ्हाईल उंबऱ्यावर जन्मभर. मला उद्या न्यायला यायलेत."

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात माईकवाला म्हणाला, "वेळ कमी आहे. पुढचा प्रश्न."

परतीच्या एसटीत आप्पा खुशीत व्हते. "ऐकलंस ना? प्रेक्षकांनी ठरवायचं म्हणले. गावानं ठरवलंच की!"

मग मात्र माझा धीर सुटला. मी पोलक्याची बाही वर केली. "वत्सलाचं सोडा आप्पा. हे बगा. तापलेला चिमटा हाय हा. सासू धरायची आन् तो डागायचा."

आप्पांनी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी इचारलं कधी? समदे वत्सलाचंच इचारायलेत."

त्यांनी आपल्या हातानं माझी बाही खाली केली, वरून पदर नीट ओढला आन् माझा हात धरून बसले. लहानपणी यात्रेत धरायचे तसा. माझं रडू थांबंना. वाटलं, सुटले बाई एकदाची. आता आप्पा हायेत आपल्या बाजूनं.

झरी आली. एसटी हळू झाली तवा आप्पा घसा खाकरून बोलले.

"उद्या ते आले की मी जावयाला खडसावून सांगतो. चिमटा-बिमटा पुन्हा चालायचा न्हाई म्हणून."