हेरंबचं डिकॉक्शन

टप्.

सकाळी सव्वासहाला, घरात दुसरा कुठलाच आवाज नसताना, फिल्टरच्या खालच्या भांड्यात पहिला थेंब पडतो आणि माझा नवरा उतरायला लागतो. पूर्ण उतरायला त्याला चाळीस मिनिटं लागतात. तोवर मी ओट्याला टेकून उभी असते. झाकण उघडून बघायचं नाही, भांड्याला टिचकी मारून घाई करायची नाही. घाई केली की कॉफी पातळ उतरते, हे हेरंबनेच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

उतरलेलं सगळं डिकॉक्शन मी पितळी पेल्यात घेते. मग पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हात उंच धरून. तिसऱ्यांदा ओतते तेव्हा तो ओट्याजवळच्या स्टुलावर बसलेला असतो. आधी पाठ दिसते, मग मान, शेवटी चष्मा. पेला मी त्याच्यासमोर ठेवते. कॉफी गरम आहे तोवर तो असतो. पेला हाताला गार लागला की स्टूल रिकामं होतं आणि त्यावर एक तपकिरी गोल उमटलेला असतो. तो ओल्या फडक्याने निघतो. गार कॉफी मी पिऊन टाकते. मोरीत ओतवत नाही.

हे पहिल्यांदा झालं ते चौदाव्या दिवशी. तेरावा उरकून पाहुणे गेले होते. माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांचे भाऊ सांगलीला घेऊन गेले होते. फिल्टर ओट्यावर होता तसाच होता. रात्री त्यात पूड भरून, चकतीने हलके दाबून ठेवायची, हे काम हेरंबचं. त्या रविवारीही त्याने ते केलं होतं. ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी, खडेबाजारातल्या दुकानात समोर उभं राहून दळून आणलेली. सोमवारी पाणी घालायचं तेवढं राहून गेलं. ते मी चौदाव्या दिवशी घातलं.

"साखर टाकलीस?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"नाही."

"बघ हं. टाकली असशील तर मी उठून जातो."

मी म्हटलं, बस. तो बसला.

काळाभोर दाट होता तो त्या सकाळी. आवाज असा भरलेला की ताटाळ्यातली ताटं थरथरली. गॅसची नळी बदललीस का, न्हाणीघरातला नळ अजून गळतो का, असलंच सगळं विचारलं. मी माझी कॉफी करायला घेतली. वाटीत चमचाभर पूड, दोन चमचे साखर, चार थेंब पाणी, आणि पांढरा फेस येईपर्यंत घोटायचं. मग वरून गरम दूध. हेरंब तिला दाढीचा साबण म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला. मी मुद्दाम त्याच्यासमोर बसून वीस मिनिटं घोटत राहिले.

"कुहू उठली?" त्याने विचारलं.

कुहू आमची मुलगी. चार वर्षांची. आतल्या खोलीत पालथी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर.

"झोपू दे," मी म्हटलं. "उद्या उठवते."

दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. तिसऱ्याही. तो रोज एकदा विचारायचा आणि मी रोज एकदा सांगायचे. कुहू उठली की घरातली माणसं तिची होतात. तिचे प्रश्न, तिची बाहुली, तिचं शी-शू. हेरंबच्या वाट्याला एक पेला गरम होता, साधारण अर्धा तास. तो अख्खा अर्धा तासही मला पुरत नव्हता. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी खिडकीतलं ऊन त्याच्या कानातून आरपार आलं.

मी खडेबाजारात जाऊन तीच पूड आणली, तेवढीच दळून. दुसऱ्या फिल्टरमध्ये भरली, पाणी घातलं, चाळीस मिनिटं थांबले, ओतलं. नुसती कॉफी झाली. ती मी आणि शेजारच्या गिरिजाक्कांनी घेतली. चांगली झाली होती.

गिरिजाक्कांना मी त्याच सकाळी, हेरंब बसलेला असतानाच विचारलं होतं, कारण त्यांच्या घरी तीन पिढ्या फिल्टर आहे. त्यांनी दारातून आत वाकून पाहिलं. हेरंब उठायला लागला तसं त्याला, बसा बसा, म्हणाल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"एकाच पुडीवर किती दिवस पाणी घालालीस?"

"सात."

"भारीच पूड म्हणायची. आमच्यात दुसरं पाणी नावडत्या पाहुण्याला देतात. तिसरं कुणालाच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुडीत आहे तेवढंच येतंय बघ. आणि गार झालं म्हणून परत उकळू नकोस. उकळलं की कडू होतंय."

नवी पूड वरून घालू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मग अर्धा कोण येईल ते मला विचारू नकोस.

गार होऊ द्यायचं नाही एवढंच माझ्या हातात होतं. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. पंखा बंद. गॅसच्या दोन्ही शेगड्या नुसत्याच पेटत्या ठेवल्या. भिंतींना घाम आला, तपकिरी, आणि त्या आत सरकायला लागल्या. रोज हातभर. मला त्याची तक्रार नव्हती. लहान खोली लवकर तापते. आठव्या दिवशी फ्रिज हॉलमध्ये काढावा लागला, त्याच संध्याकाळी मांडणी. हेरंब अठ्ठावीस मिनिटांत उतरला. बोलताना मधले शब्द ऐकू येत नव्हते. कुहूचं नाव मात्र नीट ऐकू आलं. मी म्हटलं, उद्या नक्की.

नवव्या दिवशी सहाच्या आधी बेल वाजली. माई आल्या होत्या. गिरिजाक्कांनी फोन केला असणार. माईंच्या हातातल्या पिशवीत एक जायफळ होतं, एक सहाण, आणि सांगलीहून आणलेलं म्हशीचं दूध. चप्पल काढून, पाय धुऊन त्या सरळ आत आल्या. तिरक्या होऊन आल्या, कारण सरळ आता कुणी मावत नव्हतं.

माईंची कॉफी मला माहीत होती. सगळं दूध, भरपूर साखर, वर जायफळ उगाळून. कॉफी रंगापुरती. गिरिजाक्का तिला खीर म्हणतात.

"एकदा माझ्या पद्धतीने करू दे," माई म्हणाल्या.

मी सांगितलं की त्याला दूध चालत नाही.

"तुझ्याकडे येण्याआधी चालत होतं."

भांडं त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. मला ओढून घेता आलं असतं. सांडलं असतं म्हणून मी सोडलं.

दूध पडलं तसा हेरंब गोरा झाला. साखर पडली तसे त्याचे गाल भरले. त्याचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकेनात. चष्मा नव्हता. माईंकडे बघून त्याने विचारलं की आज शाळेला सुट्टी आहे ना. माई म्हणाल्या, आहे रे राजा. मग जायफळ चढलं. त्याने माईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपला. दुधाची कॉफी जास्त वेळ गरम राहते. तो पाऊण तास झोपला. माई त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या. पेल्यावर साय धरली तेव्हा माईंच्या मांडीवर फक्त पदर होता.

"आज मी कुहूला उठवणार होते," मी म्हटलं.

"आधीच्या आठ सकाळी काय केलंस?"

मी शेगड्या बंद केल्या.

"तुला सहा वर्षं कडक मिळाला," माई म्हणाल्या. "मला एक सकाळ गोड मिळाली. काय बिघडलं?"

पेला त्यांनी स्वतः घासला. दुपारच्या एसटीने परत गेल्या. जाताना कुहूच्या केसांना तेल लावलं आणि तिला काही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी तो अकरा मिनिटांत उतरला, चहाच्या रंगाचा. मी पेला ठेवला आणि लगेच आतल्या खोलीत गेले. कुहू सकाळी उठत नाही. आधी पाय चेपून हवे असतात, मग पाच मिनिटं, मग आणखी पाच. मी तिला तशीच झोपेत खांद्यावर टाकून आणली. पेला कोमट झाला होता. स्टुलावर चष्मा आणि दोन खांदे उरले होते.

मी पेला शेगडीवर ठेवला. मला फक्त गरम करायचं होतं. एका हातावर कुहू, दुसऱ्या हातात सांडशी, आणि कोपर हलवायला जागा नाही. तेवढ्यात उकळी आली.

हेरंब पूर्ण परतला. पहिल्या दिवसापेक्षा काळा. पाठ ताठ. पेल्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मी रोज तिच्यासाठी येत होतो," तो म्हणाला. "मधे तू बसलीस."

मी म्हटलं, हळू बोल, ती उठेल.

"हेच," तो म्हणाला.

कुहूची लाळ माझ्या खांद्यावर ओघळत होती. मी तिला हलवलं. खरंच हलवलं. ती कण्हून दुसऱ्या खांद्याकडे वळली. हेरंब तिच्या पाठीकडे बघत होता. तिच्या झबल्यावर मागे दोन बटणं होती आणि त्यातलं एक तुटलेलं होतं. ते लाव, असं तो म्हणाला. त्यानंतर कडवटपणाने त्याचं तोंड मिटलं आणि कॉफी गार होईपर्यंत उघडलं नाही. ती कॉफी प्यायल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या जिभेला मीठ कळलं नाही.

त्या दिवशी मी बटण लावलं. कुहूला साडेसातलाच झोपवलं. उद्या बाबा येणार, असं तिला सांगितलं. तिने विचारलं, गाडीवरून? मी म्हटलं, स्वयंपाकघरातून. तिला ते पटलं. झोपताना तिने मला तीनदा बजावलं की तिला पाय चेपणं नको, लगेच उठव.

अकराव्या दिवशी ती हाक मारताच उठली. मी तिचं तोंड धुतलं, दोन शेंड्या बांधल्या, शाळेचा फ्रॉक घातला. खोलीत आता स्टूल, शेगडी आणि मी, एवढंच मावत होतं. कुहूला मी ओट्यावर बसवलं. माझी पाठ एका भिंतीला आणि गुडघे दुसऱ्या भिंतीला लागत होते. उकळतं पाणी मी फिल्टरमध्ये घातलं आणि कान देऊन थांबले.

थेंब पडलाच नाही. एक सलग धार लागली आणि मिनिटभरात सगळं पाणी खाली आलं. झाकण काढून पाहिलं तर भांड्याचा तळ दिसत होता, त्यावर कोरलेली हेरंबच्या आजोबांची आद्याक्षरंसुद्धा.

मी ओतलं. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. चौथ्यांदाही. सहाव्यांदा ओतताना, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हलतं तसं स्टुलावर काहीतरी हललं, आणि तो बसला. त्याच्यातून पलीकडच्या टाइलवरची निळी फुलं दिसत होती, जराशी वाकडी होऊन. चष्मा कुठेच नव्हता. मी पेला दोन्ही हातांत गच्च धरला, म्हणजे निदान माझ्या तळव्यांचा तरी उबारा लागेल.

कुहूने त्याच्याकडे पाहिलं. त्याने कुहूकडे पाहिलं. मग तो हसला, कुणाच्या घरी गेल्यावर तिथल्या मुलांकडे बघून हसतात तसा.

"नाव काय बाळ तुझं?"

शाळेत शिकवलंय तसे कुहूने हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि अख्खं नाव सांगितलं.

"कुहू हेरंब देसूरकर."

"अरे वा. छान आहे. आणि हेरंब कोण?"

कुहू खुदकन हसली. बाबा मुद्दाम चुकीचं विचारतात हे तिला माहीत होतं. नाकाला कान म्हणतात, मांजरीला म्हैस म्हणतात. मीही हसावं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. तो हसत नव्हता. मान किंचित कलती करून, उत्तराची वाट बघत बसला होता. घाई नसलेल्या, भल्या माणसासारखा.

कुहूचं हसू थांबलं. तिने पाय जवळ ओढून घेतले. फ्रॉक गुडघ्यांवर नीट केला. आमचे हात एकमेकींना लागत होते इतकी खोली लहान होती, तरी ती माझ्या कानाशी वाकली, कारण पाहुण्यांच्या समोर असं मोठ्याने विचारायचं नसतं.

"आई, ह्यांना मी काय म्हणू?"