बाहेरचे चंद्र

"सर, हे शेवटचे मणी उलटे का फिरतात? वायर चुकीची जोडली काय?" निलेश नावाच्या पालकाने विचारले आणि मुलुंडच्या त्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनात हशा पिकला.

थर्माकोलच्या शनीभोवती श्रुतिकेने तारांवर मणी बसवले होते. जवळचे मोठे चंद्र एकाच पातळीत शिस्तीने फिरत. दूरचे बारके मात्र तिरप्या, लांबट कक्षांतून, आणि त्यांतले कित्येक उलट दिशेने. ती या शाळेत विज्ञान शिकवी. उत्तर तिला ठाऊकच होते. पण प्रमुख पाहुणे म्हणून तिचे वडील, निवृत्त संस्कृत शिक्षक देवदत्त, शेजारी उभे होते. "बाबा, तुम्हीच सांगा ना," ती कौतुकाने म्हणाली.

देवदत्त सुखावले. सकाळी ते येताच तिने सर्वांसमक्ष वाकून म्हटले होते, "भारद्वाजगोत्रोत्पन्ना श्रुतिका अहम् अभिवादये." भारद्वाज गोत्रात जन्मलेली मी श्रुतिका वंदन करते. आईबापांवाचून उरलेली ती पोर विक्रोळीच्या चाळीतून त्यांनी घरी आणली, तेव्हा नातलगांनी विचारले होते, आपले गोत्र का असे वाटेवरच्या कुणालाही देता येते? देवदत्तांनी उत्तरादाखल तिला हे वाक्य शिकवले होते. तेव्हापासून तिचा नमस्कार या शब्दांवाचून कधी झाला नव्हता.

"वायर ठीक आहे हो," ते हसून म्हणाले. "हे शनीच्या पोटचे नव्हेत. कुठून तरी भटकत आले, त्याने धरून ठेवले. शेवटी बाहेरचेच ते. घरचे वळण त्यांना कुठून येणार?"

"झकास, सर! आमच्या घरजावयासारखे!" निलेश म्हणाला.

सगळ्यांबरोबर देवदत्तही हसले. मग तार सरळ करणारा श्रुतिकेचा हात थांबलेला त्यांना दिसला. त्यांच्या कानशिलांवर रक्त चढले.

"म्हणजे... तसे नव्हे. आता ते त्याचेच..."

"बरोबर सांगितलंत, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "शास्त्रही हेच मानतं." आणि ती निलेशला टायटनची माहिती देऊ लागली.

समारोपाला तिनेच त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, हाती नारळ दिला आणि ती वाकली. देवदत्तांनी आशीर्वादासाठी उजवा हात उचलला आणि ते नेहमीच्या त्या शब्दांची वाट पाहू लागले.

ती उठून उभी राहिली. "चहा घेऊन जा हं."

उचललेला हात कुठे न्यावा, हे देवदत्तांना उमगेना. त्यांनी तो हळूच नारळावर ठेवला.