बिरदेवचं स्टेडियम

आखाती देशातल्या आशियाई स्पर्धेसाठी सोनियाची निवड झाली, तेव्हा म्हसवडकरांनी फटाके उडवले. मेंढपाळाची पोर परदेशात पळणार, ही काय साधी गोष्ट होती? पण गळ्यात सत्काराचा हार असतानाच तिनं मोबाइलवर स्टेडियमचा फोटो पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. तिचा चुलतभाऊ बिरदेव त्याच बांधकामावर मजूर होता. दोन-तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात, दुपारचा, तो स्लॅबवर कोसळला. कंपनीनं हृदय बंद पडल्याचं कळवून शवपेटी पाठवली. माणदेशाच्या उन्हात वाढलेलं पोरगं उन्हानं मरतं, म्हणजे तिथं सावली आणि विसावा किती मिळत असेल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

सोनियानं ठरवलं, तिथं पळायचं नाही.

हे तिला घरातूनच मिळालं होतं. धनगर मेंढरं घेऊन ऊसपट्ट्यात उतरतात. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी आपल्या रानात रात्री कळप बसवून घेतात. एकदा इस्लामपूरकडच्या एका बागायतदारानं मेंढक्या पोराला चाबकानं फोडलं. सोनियाच्या आजानं, कोंडीबानं, कळपाभोवतीची जाळी तिथल्या तिथं उपटली. त्याचं बघून शेजारचा कळप उठला, मग पलीकडचा. त्या रानात पुढं कुणाचंच मेंढरू बसेना. शेवटी तो बागायतदार नारळ घेऊन माफी मागायला आला. एक उठला की सगळे उठतात, हे सोनियानं धरूनच ठेवलं होतं.

तिनं क्रांतीला फोन लावला. क्रांती इस्लामपूरची, फौजी घरातली. साताऱ्याला दोघी एकत्र सराव करायच्या, आणि क्रांती संघात राखीव होती.

"क्रांते, मी न्हाई जाणार. आपण समद्या मिळून नको म्हणूया."

क्रांती म्हणाली, "खरं सांगू? तू न्हाई गेलीस तर माझा नंबर लागतोय. बिरूदादा तुझा हुता, सोने. मला ते निस्तं मैदान हाय."

सोनियाला संताप आला. पण पोरगी खरं बोलत होती, त्यामुळं तो संताप काढायचा कुणावर, हेही कळेना. बाकीच्या मुली "लय वाईट झालं" म्हणाल्या आणि बॅगा भरायला लागल्या.

राजवर्धन सर तिचे प्रशिक्षक. ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? जा, पदक मार आणि माईकसमोर बिरदेवचं नाव घे."

"आन पदक न्हाई मिळालं तर त्याचं नाव घ्यायचं न्हाई व्हय, सर?"

सोनियानं कारण सांगून नकार कळवला. एका पेपरात, कोपऱ्यात, चार ओळी आल्या. फटाके उडवणारे आता पोरगी डोक्यावर पडलीय म्हणू लागले. बिरदेवच्या आईपुढं, हरणाबाईपुढं, मात्र कुणी विषय काढला नाही. आईच्या जखमेची खपली कोण काढणार? सोनियाही तिला टाळतच राहिली.

शर्यतीच्या दिवशी हरणाबाई आपणहून आली आणि टीव्हीसमोर बसली. स्टेडियम गच्च भरलं होतं. क्रांती जीव खाऊन पळाली आणि पाचवी आली. पळणाऱ्या पोरींच्या घोळक्यात सोनियाची जागा कुठं रिकामी दिसली नाही. कुणीच उठलं नव्हतं. सोनियाला भडभडून आलं. आपण चुकलो असं मात्र तिला अजूनही वाटत नव्हतं.

हरणाबाईचं शर्यतीकडं लक्षच नव्हतं. ती खांब बघत होती, भिंती बघत होती.

"ह्यातलं बिरूनं काय बांधलं गं?"

"ठावं न्हाई, काकी."

"म्या आस लावून बसले हुते," हरणाबाई म्हणाली. "तू जाशील, त्या जाग्याला माझ्या वतीनं हात लावशील, चिमूटभर भंडारा वाहशील. आपल्यातलं दुसरं कोण जाणार हुतं तितं?"

"काकी, मग आदी का न्हाई बोललीस?"

हरणाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू इचारलंस कवा?"