दगड कुठला

माधवीने तांब्यातले पाणी दगडावर ओतले, ओढणीच्या टोकाने साबणाचा पांढरट थर पुसून काढला आणि उकिडवी बसून ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. ओल्या दगडात रेघा उमटल्या होत्या. कोबी मधोमध चिरला की पानांच्या जशा एकात एक वळ्या दिसतात तशा; राखाडी, मधूनच जांभळट.

शेवंताबाई दारात उभ्या होत्या. आल्या पाहुणीने चहाच्या आधी धुण्याच्या दगडाशी जाऊन बसावे, याने त्या अवघडल्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिले. भीमरत्नने खांदे उडवले.

माधवी मूळची खानापूरची. बेळगावच्या ज्या कॉलेजात भीमरत्नची बायको सुविधा मराठी शिकवायची, तिथेच ती भूगर्भशास्त्र शिकवत असे. सुविधाने सासूबाईंच्या सांडग्यांचा फोटो मैत्रिणींना पाठवला होता. माधवीने सांडगे सोडून मागचा दगड तेवढा पाहिला आणि रविवारी ती भीमरत्नबरोबर थेट निपाणीला आली.

हा दगड भीमरत्नच्या जन्माआधीपासून न्हाणीबाहेर होता. वस्तीत एकच नळ होता तेव्हा शेजारच्या बायका पाळी लावून त्यावर धुणे आपटायच्या. त्यापलीकडे त्याच्याकडे पाहावे असे कुणाला कधी वाटले नव्हते.

माधवीने पर्समधून पातळ आम्लाची एक लहानशी बाटली काढली आणि कडेला एक थेंब टाकला. दगड फसफसला. शेवंताबाई एक पाऊल मागे सरल्या.

मग चहा घेता घेता माधवीने समजावून सांगितले. निपाणीत सगळा काळा पाषाण, ज्वालामुखीचा. हा दगड चुन्याचा, म्हणजे इथला नव्हेच. शिवाय तो फार जुना, दीडशे कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती, झाड नव्हते, पाण्यात मासा नव्हता. उथळ समुद्राच्या तळाशी शेवाळासारखा एक बुळबुळीत थर असे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव त्यात राहायचे. गाळ येऊन बसला की ते त्याच्या वर सरकायचे, पुन्हा गाळ, पुन्हा वर. या रेघा म्हणजे त्यांचेच थर. जगात सुमारे तीनशे कोटी वर्षे अशाच बारीक जिवांचे राज्य होते. आज आपण जी हवा श्वासात घेतो, ती त्यांच्यासारख्यांनीच घडवली. पुढे त्यांना खाणारे प्राणी निपजले, तेव्हा कुठे ते मागे हटले.

"म्हंजे ह्यात जीव हुता?" शेवंताबाईंनी विचारले.

"होता, मावशी."

शेवंताबाईंनी कपबशी खाली ठेवली.

दगड कुठून आणला, हा माधवीचा खरा प्रश्न होता. भीमरत्नने आठवून पाहिले. वडील, कल्लाप्पा, हयात असताना एकदा म्हणाले होते की घटप्रभेच्या पात्रात मिळाला. दुसऱ्यांदा त्यांनी तंबाखूची जुनी वखार पाडली तिथला असल्याचे सांगितले होते. शेवंताबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, त्येंनी आणला, मला काय ठावं. माधवी हिरमुसली. जागा कळली नाही तर हा नुसता देखणा दगड, तिने सांगितले. तरीही कॉलेजच्या संग्रहालयाला द्याल का? भीमरत्नने आईकडे न पाहताच होकार दिला. पुढच्या रविवारी टेम्पो आणायचे ठरले.

मधल्या गुरुवारी पाटबंधारे खात्याच्या कामाने तो संकेश्वरला आला होता, तिथून घरी डोकावला. शेवंताबाई प्लास्टिकच्या टबात लुगडे घोळत होत्या. दगड शेजारीच होता, कोरडा.

आईला दगड द्यायचा नाही, असे त्याने ताडले. गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी बसवून देतो, तो म्हणाला. आईने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याला कळेना. द्यायचा नसेल तर माधवीला नाही म्हणून कळवतो, असेही त्याने सांगितले. त्यावर त्या लुगडे पिळत राहिल्या. मग त्यांनी विचारले,

"त्यो जीव मेला कवा?"

भीमरत्न गोंधळला. धरणातला गाळ मोजण्यात त्याची निम्मी नोकरी गेली होती. वर्षाला किती बसतो, किती वर्षांत किती चढतो, हे तो तोंडी सांगू शकत असे. पण हा हिशेब त्याच्या हाताला लागेना. तो म्हणाला की एकदम मेला असे नसावे. वरचा थर जिवंत असेल, खालचा दगड होत गेला असेल.

"आन् खालचा हाय हे वरच्याला ठावं असतंय?"

"नसणार, आई. त्यांना कुठलं डोकं?"

"व्हय," त्या म्हणाल्या आणि लुगडे झटकून दोरीवर टाकू लागल्या.

बेळगावला परतताना तो सुविधाशी फोनवर याच गोष्टीवर बोलत राहिला. आईंचे वय झाले, सुविधा म्हणाली. पन्नास वर्षांच्या वस्तूवर जीव जडतोच, राहू दे दगड. त्यालाही ते पटले. तरी आईचा तो प्रश्न त्याच्या डोक्यात कुठेच बसेना.

रविवारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. दोन हमाल काथ्याचा दोर आणि पहार घेऊन आले. माधवीने टेप लावून दगडाची लांबी-रुंदी घेतली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि ओट्यावर बसून छापील कागद भरायला घेतला. देणाऱ्याचे नाव तिने शेवंताबाईंना विचारून लिहिले. खालच्या ओळीशी ती अडली.

"सापडल्याचं ठिकाण," ती भीमरत्नला म्हणाली. "इथं मी अज्ञात असं लिहिते."

"अज्ञात म्हंजे?" शेवंताबाईंनी विचारले.

"कुठला ते माहीत नाही, असं."

शेवंताबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर गुडघ्यावर नीट ओढून घेतला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "लोकापूरच्या अलीकडं चुन्याच्या दगडाची खाण हुती. भात्तरच्या दुस्काळात आमी दोघं तितं खडी फोडाय गेलतो. खाणीच्या वरल्या अंगाला एक बाभळ. बाभळीपास्नं उगवतीला धा पावलं."

माधवी भराभर लिहू लागली. लोकापूरचा दगड जुळतो, बरोबर जुळतो, असे ती स्वतःशीच पुटपुटली. भीमरत्नला हसू आले. इतक्या वर्षांनी पावले कशी लक्षात राहिली, त्याने विचारले.

"म्याच मोजलीती."

त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. दगडाकडेही नाही. गल्लीत उभ्या केलेल्या एका सायकलीकडे त्यांची नजर होती.

"तुज्या आदी पोरगी हुती. सात म्हैन्याची. हगवण लागली, दोन दिसांत गेली. तुज्या बाबानं तितं पुरली. कोल्हं उकराय नगं म्हणून ह्यो दगूड वर ठेवला. फुडं खाण त्या अंगाला सरकली. मुकादम म्हणाला, उद्या हितं सुरुंग लावणार. मग दगूड तरी न्हिऊया म्हणून ह्येनी एका गाडीवानाच्या पाया पडून हितवर आणला."

माधवीचे लिहिणे थांबले होते.

"मला कधी सांगितलं नाहीस," भीमरत्न म्हणाला. घटप्रभेचे पात्र, तंबाखूची वखार. वडिलांनी प्रत्येक वेळी नवीन जागा का सांगितली असेल, हे आता त्याच्यासमोर होते, आणि तरीही त्याला ते नीट जुळवता येत नव्हते.

"सांगून काय करायचं? तुला ह्याच्यावर बसवूनच न्हाऊ घालत हुतो. बास झालं की."

माधवीने कागद बाजूला ठेवला. ती हळू आवाजात म्हणाली की दगड इथेच राहू दे. आता जागा कळली आहे, ती स्वतः तिकडे जाऊन दुसरा शोधेल. भीमरत्नने लगेच मान डोलावली आणि हमालांना परत जायला सांगण्यासाठी तो वळला.

"न्हाय, न्या त्यो," शेवंताबाई म्हणाल्या. "मी हाय तवर हितं ठीक. माज्या मागं कोन वळखणार हाय त्येला? तुमी आत्ता लिवलासा, ते दगडासंगं ठेवणार न्हवं?"

"शेजारी पाटी असते. जागा लिहिलेली असते."

"बाभळ?"

माधवीने कागद पुन्हा मांडीवर घेतला. "बाभळ लिहिते. दिशाही लिहिते."

"आन् धा पावलं."

"दहा पावलं," माधवी म्हणाली आणि तिने अक्षरे एकेक करून लिहिली.

हमाल दोर घेऊन पुढे झाले. एकाने पहारेचे टोक दगडाखाली घातले.

"वाईच दम धरा," शेवंताबाई म्हणाल्या आणि न्हाणीत गेल्या. आत बंबातले पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला. बादली त्यांना जड होत होती. भीमरत्न आत गेला, त्याने ती उचलली आणि दगडाशी आणून ठेवली.

त्यांनी तांब्याभर पाणी घेतले आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर थोडे ओतून पाहिले. मग बादलीत गार पाण्याचा एक तांब्या घातला, हाताने ढवळले, पुन्हा मनगटावर घेऊन पाहिले. पाणी बेताचे ऊन झाले तेव्हा त्यांनी तळवा दगडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बारीक धार सोडली.