पाहुण्यांसाठी गप्प केलेला भोंगा

मुखियाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पवित्रा जागीच थबकली. गावावरच्या उतारात तिने स्वतःच्या हाताने रोवलेले सगळे खांब इथे सतरंजीवर ओळीने निजवले होते. धुऊनपुसून, तूप चोपडून, वर कुंकू-अक्षतांचा टिका आणि झेंडूच्या माळा!

पवित्रा रोकाया नेपाळातल्या जुम्ल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. डोंगर सरकू लागला की खांबांना कळावं आणि गावातल्या भोंग्याने ओरडून सांगावं, एवढंच तिचं संशोधन. पण ते पगारात कुठलं भागायला? काठमांडूच्या निधीकडे तीनदा अर्ज केला, तीनदा ‘आधी चालतं का ते दाखवा’ म्हणून परत आला. या खेपेला निधीच्या इंदिरा मॅडम स्वतः पाहायला आल्या होत्या, आणि पाहायचं काय, तर हे प्रदर्शन.

“हे कुणी उपटलं?” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

धनलाल मुखिया कौतुकाने पुढे झाले. एवढ्या लांबून आलेल्या बाईमाणसाला चिखलात चढवणं आपल्या सिमखाडा गावाला शोभतं का, असं त्यांचं म्हणणं. मॅडमच्या गळ्यात माळ घालता घालता ते म्हणाले, “आणि पोरी, तो तुझा भोंगा. काल दुपारपासून जो बोंबलत सुटला, थांबेचना. पाहुण्यांचे कान किटतील म्हणून तारच काढली. मग म्हटलं, खांब तरी वर कशाला भिजत ठेवा?”

पवित्राने वर उताराकडे पाहिलं. एरवी म्हैस खांबाला अंग घासायची, तेव्हा भोंगा वाजायचा, गाव हसायचं. काल तो पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि या भल्या माणसांनी त्याचं तोंड बांधलं होतं.

“मुखियाबा, गाव सोडायचं. आत्ताच्या आत्ता. डोंगर येतोय.”

कुणी हललं नाही. पाहुण्यांना उपाशी कसं उठवायचं? शेवटी मॅडमनीच एक लेकरू काखोटीला मारलं आणि वाट धरली, तेव्हा कुठे माणसं निघाली. गावातल्या नंदकली काकी मात्र अर्ध्या वाटेतून फिरल्या. मॅडमसाठी चहा उकळत ठेवला होता, तेवढा थर्मासात भरून आणते, म्हणाल्या. पवित्राच्या पाठीवर मुखियाची म्हातारी आई होती, मागे पळता येईना. ती हाका मारत राहिली.

सुपातून दाणे ओतावेत तसा उतार खाली आला. गावाचा वरचा अर्धा भाग काकींच्या घरासकट दिसेनासा झाला.

पलीकडच्या खिंडीत गाव गोळा झालं. मॅडमनी पवित्राचा हात धरला.

“निधी मिळेल. आता कुणी नाही म्हणणार नाही.”

या एका वाक्यासाठी पवित्राने किती उंबरे झिजवले होते! आज ते ऐकून तिने हात सोडवला, कुणाची तरी कुदळ उचलली आणि काकींचं घर होतं त्या बाजूला उतरू लागली. तिच्यामागून मुखिया उतरले, आणि मग एकेक करत सगळं गाव.